मास्तरांचा सीन

आमच्या घरात विनोदाला मज्जाव नव्हता. पण त्यानं चपला बाहेर काढाव्यात, पाय धुवावेत आणि आवाज न करता बसावं, अशी अपेक्षा असे. माझे वडील आमच्याच पेठेतल्या, पुण्याच्या कसब्यातल्या एका शाळेत मराठी शिकवत. शाब्दिक कोटी त्यांना चाले. संस्कृतातून आलेली असली तर फारच चाले. एखादी जमली तरी ते हसत नसत, "ठीक आहे" म्हणत. आमच्याकडे "ठीक आहे" मिळणं म्हणजे पहिल्या वर्गात पास होणं.

आम्ही तांबट आळीच्या तोंडाशी दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायचो. खाली सकाळी आठपासून तांब्याच्या हंड्यांवर ठोके पडायला लागत ते दिवेलागणीपर्यंत. त्या आवाजावरून बोलायची सवय लागल्यामुळे आम्ही सगळेच जरा मोठ्यानं बोलायचो. आता खराडीला मुलाच्या घरी अकराव्या मजल्यावर इतकी शांतता असते, की मी नुसता चहा मागितला तरी सून विचारते, "आई, चिडलात का?" बाबांना मात्र ते ठोके कधी ऐकूच आले नाहीत. त्यांना ऐकू यायची ती स्वयंपाकघरातून आलेली चुकीची क्रियापदं. "माझी मदत कर" असं मी आईला म्हटलं, की बाहेरच्या खोलीतून आवाज यायचा, "मला मदत कर." एकदा मला सणसणून ताप भरला होता. मी म्हटलं, "बाबा, मला बरं नाही वाटत." त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून म्हणाले, "बरं वाटत नाही. नकार शेवटी." मग भर उन्हात औषध आणायला गेले. त्यांचं प्रेम असंच यायचं, आधी दुरुस्ती आणि मागून औषध.

आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. दिवसभर कानाला यंत्र लावून ती लोकांची बोलणी जोडून द्यायची आणि संध्याकाळी घरी आली की स्वतः फारसं बोलायची नाही. तिच्या पिशवीत कधी ओल्या शेंगा असत, कधी कोथिंबिरीची जुडी. ती आल्याबरोबर स्टोव्ह पेटायचा, फोडणीचा वास पसरायचा आणि बाबा पेपर घडी करून ठेवायचे. पोह्यांतली कढीपत्त्याची पानं ते बशीच्या कडेला एका रांगेत लावून ठेवत, जणू ती पुढे कुठे उपयोगी पडणार होती.

तो सिनेमा आला तेव्हा मी सातवीत होते. नाव सांगत नाही. आमच्या घरात ते उच्चारत नसत आणि जुन्या सवयी मोडत नाहीत. बाबा त्याला "ते" म्हणत, नपुंसकलिंगी. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणाऱ्या एका माणसाला लग्नघरातले चुकून नवरदेव समजतात आणि तो तिथं आठ दिवस जेवत राहतो, एवढीच गोष्ट. पण पुणं त्या गोष्टीनं येडं झालं होतं. एरवी शेजाऱ्याला हसताना पाहिलं तरी "काय झालं एवढं?" विचारणारे लोक तो तीन-तीन वेळा पाहून आले. आमचे डॉक्टर जीभ दाखवायला सांगताना त्यातलं वाक्य म्हणायचे. वाणी साखर बांधताना त्यातलं गाणं गुणगुणायचा. बाबांनी तो पाहिलेला नव्हता, त्यामुळे त्यांचं मत पक्कं होतं. थिल्लर, ते म्हणाले, आणि विषय मिटला. आमच्या घरातून कोणी जाणार नव्हतं.

वर्गात मात्र विषय मिटण्यासारखा नव्हता. मधल्या सुट्टीत डबे उघडले, की सिनेमाच सुरू व्हायचा. माझी मैत्रीण शैला मधे बसायची आणि बाकीच्या तिच्याभोवती. एक जण एक वाक्य म्हणायची, दुसरी पुढचं, आणि सगळ्या मिळून हसायच्या. मी अर्धा श्वास उशिरा हसायचे. हे महिनाभर चाललं. एक दिवस शैलानं डब्यातून मान वर करून मला विचारलं, "वासंती, तू पाहिलास ना गं?" मी म्हटलं, पाहिला. तिनं विचारलं, तुला कुठला सीन आवडला? ऐकलेले सगळे सीन कुणाकुणाचे ठरलेले होते. त्यातला एखादा उचलला असता, तर ती आणखी खोदत बसली असती. म्हणून मी म्हटलं, "मास्तरांचा." आणि असा सीनच नसल्यामुळे तो सांगावा लागला.

मी सांगितलं ते असं. क्लॅरिनेटवाला बिचारा प्रामाणिक असतो. खरं सांगून मोकळं व्हावं म्हणून तो मुलीच्या मामांकडे जातो. मामा मराठीचे मास्तर. हा हात जोडून म्हणतो, "मामा, मी नवरा नाही." मामा म्हणतात, "नाही नव्हे. नव्हे." हा गोंधळतो, "काय नव्हे?" मामा म्हणतात, "नवरा नव्हे." याचा जीव भांड्यात पडतो. "म्हणजे तुम्हाला माहीत आहे?" "मला व्याकरण माहीत आहे. वाक्य पुन्हा म्हणा." असं करत करत चार-पाच वाक्यं दुरुस्त होतात आणि अखेर तो घामाघूम होऊन स्पष्ट म्हणतो, "मी नवरा नव्हे." मामा त्याच्या पाठीवर थाप मारतात आणि आत हाक देतात, "मुलगा सुधारण्यासारखा आहे. मुहूर्त काढा."

मामांचा आवाज मी काढला होता. तो मला शोधायला लांब जावं लागलं नव्हतं. पोरी डबे बाजूला ठेवून हसल्या. मी मात्र शैलाकडे बघत होते, कारण तिनं सिनेमा दोनदा पाहिला होता. ती डोळे पुसत म्हणाली, "हो गं, हा तर सगळ्यात बेस्ट आहे. मी विसरलेच होते."

तिथून तो प्रसंग माझ्या हातात राहिला नाही. पोरींनी घरी सांगितला, त्यांच्या भावांनी कट्ट्यावर. वर्षभरात तो पेठेत सर्वांना पाठ होता आणि तो सिनेमात पाहिल्याचं प्रत्येकाला आठवत होतं. कोणत्या थिएटरात, कोणाशेजारी बसून, तेसुद्धा. पुढे एकदा कात्रजच्या बसमध्ये शेजारच्या अनोळखी गृहस्थांनी वेळ जावा म्हणून मलाच तो ऐकवला. त्यांनी मामांना पगडी घातली होती. मला ते आवडलं नाही, पण बोलणार कोणत्या तोंडानं? आणि यातली खरी शिक्षा अशी, की सिनेमा पाहायची माझी वाट बंद झाली. पुन्हा कुठे लागला की मैत्रिणी म्हणायच्या, हिला कशाला विचारता, हिला तो तोंडपाठ आहे.

आणखी एक गोष्ट झाली. बाबा शाळेतून परत येताना कोपऱ्यावरची मुलं आपसात उगाचच "नव्हे" घालून वाक्यं बोलायला लागली. "हा रस्ता नव्हे", "मी तो नव्हे", असलं काहीतरी, आणि बाबा पुढे गेले की एकमेकांच्या अंगावर पडायची. बाबांनी एका संध्याकाळी जेवताना आईला सांगितलं, की पेठेतली मुलं हल्ली "नाही" आणि "नव्हे" यांतला फरक अचूक करतात. वीस वर्षं घसा फोडल्याचं काहीतरी रुजलं म्हणायचं. त्यांचा चेहरा इतका निवांत झालेला मी क्वचितच पाहिला होता. आईनं त्यांना आमटी वाढली आणि माझ्याकडे पाहिलं. मी ताटात खाली बघून जेवत राहिले.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा आमच्या गल्लीतल्या मंडळाला पंचवीस वर्षं झाली. मंडळाचे अध्यक्ष दिलीपराव. त्यांचं पूजासाहित्याचं दुकान होतं, आणि कापूर मागितला तरी ते आधी मंडळाचा अहवाल द्यायचे. त्यांनी ठरवलं, की रविवारी दुपारी चार वाजता मंगल कार्यालयात सर्वांना तो सिनेमा दाखवायचा. टेबलांवर खुर्च्या आणि खुर्च्यांवर दोन टीव्ही ठेवले होते, खिडक्यांना सतरंज्या बांधल्या होत्या. शैला मला ओढूनच घेऊन गेली. अशा रीतीनं सगळ्या शहराचा पाहून झाल्यावर, सहा-सात वर्षांनी, मी तो सिनेमा पहिल्यांदा पाहायला बसले.

सिनेमा बरा होता. खोटं कशाला सांगू, पाहिला असं वाटलंच नाही. नट तोंड उघडायच्या आत पुढच्या रांगा वाक्य म्हणून टाकत होत्या आणि मलाही सगळी येत होती. मग मामा आले. मामा सिनेमात होते, पण मास्तर नव्हते. पैलवान होते आणि सगळ्या मिळून दोन वाक्यं बोलत होते. मी शैलाकडे पाहिलं नाही. शेवटची वरात झाली, 'समाप्त'ची पाटी आली, आणि मागून कोणीतरी विचारलं, "मास्तरांचा सीन कुठाय?"

त्यानंतर जे झालं त्याला आमच्याकडे चर्चा म्हणतात. कापला, असं दोन मिनिटांत ठरलं. कोणी कापला, यावर मतभेद होते. कॅसेटवाल्यानं, असं काहींचं म्हणणं. एक बाई शपथेवर सांगत होत्या, की शिक्षकांनी हरकत घेतल्यामुळे तो सरकारनंच काढायला लावला. दिलीपरावांनी कॅसेट मागे नेऊन पाहिली, पुढे नेऊन पाहिली, आणि मग जाहीर केलं, की आपण हा सिनेमा पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला पाहिला आहे, तेव्हा तो सीन होता, आणि हा कसब्याचा अपमान आहे. कसब्याचा कसा, ते कोणी विचारलं नाही.

तिथून ते थेट आमच्या घरी आले, कारण पेठेत निषेधाचं पत्र लिहायचं तर सरांनीच. मला वाटलं, बाबा त्यांना दारातूनच वाटेला लावतील. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कलाकृती टाकाऊ असली, तरी ती अखंड टाकाऊ असली पाहिजे. कात्री लावण्याचा अधिकार कोणालाही नाही." रात्रीच्या जेवणाआधी पत्र तयार होतं. गुरुवारी ते पेपरात वाचकांच्या पत्रांत सगळ्यात वर छापून आलं. बाबांना रस्त्यात लोक थांबवून नमस्कार करायला लागले. वाण्यानं साखरेच्या पुडीबरोबर अभिनंदन दिलं. मी रोज ठरवायचे, आज सांगू, आणि रोज त्यांची ती ताठ मान पाहून गप्प बसायचे.

पुढच्या रविवारी सकाळी दिलीपराव सह्यांचा कागद घेऊन आले. मुंबईला निर्मात्याकडे शिष्टमंडळ जाणार होतं. मूळ रीळ दाखवा, अशी मागणी होती, आणि नेतृत्व सरांनी करायचं होतं. तेव्हा कुठे बाबांनी पहिल्यांदा विचारलं, की हा प्रसंग नेमका आहे काय? दिलीपराव चुळबुळले. म्हणाले, "एक मास्तर असतात, सर. विद्वान. पाहण्यासारखा आहे." आणि चहा अर्धा ठेवून निघून गेले. बाबा मात्र खुलले. बाकी काही कापलं नाही, शिक्षकाचा प्रसंग तेवढा कापला, हे त्यांना अगदी अपेक्षेप्रमाणे वाटलं. त्यांनी कपाटातून कोट काढला आणि तो उजेडात धरून पाहायला लागले.

मी म्हटलं, "बाबा, तो प्रसंग सिनेमात नाही."

"म्हणूनच तर जायचंय."

"कधीच नव्हता. मी रचला होता. सातवीत असताना."

रविवार असल्यामुळे खाली ठोके बंद होते. बाबांनी कोट खुर्चीच्या पाठीवर ठेवला, बसले, आणि म्हणाले, "सांग."

मी सांगितला. इतका वाईट मी तो कधीच सांगितला नव्हता. मामांचा आवाज काढायचा नाही असं ठरवलं होतं, पण ती वाक्यं दुसऱ्या आवाजात येतच नव्हती. "मुहूर्त काढा" म्हणून झाल्यावर मी उभीच राहिले. बाबांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला आणि परत लावला.

"मामा म्हणजे मी," ते म्हणाले.

"हो."

"आणि कोपऱ्यावरची मुलं?"

मी मान हलवली. त्यांनी पुढे विचारलं, की मी तर सिनेमा पाहिला होता म्हणे. मी सांगितलं, गेल्या रविवारी पहिल्यांदा पाहिला. तेवढ्यात आई हात पुसत बाहेर आली.

"मी पाहिला होता," ती म्हणाली. "पहिल्याच आठवड्यात. एक्स्चेंजमधल्या आम्ही सगळ्या अर्धी रजा टाकून गेलो होतो. ही जिन्यात शैलाला तो प्रसंग परत सांगत होती तेव्हाच मला कळलं होतं."

बाबा म्हणाले, "आणि तू बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत. शिवाय प्रसंग चांगला होता."

तेव्हा मला वाटलं होतं, त्यांना राग आला तो मी त्यांची नक्कल केली म्हणून. आज त्यांच्या त्या वेळच्या वयापेक्षा मी मोठी आहे आणि मला वेगळं वाटतं. नक्कल त्यांनी सोसली असती. शाळामास्तराला तिची सवय असते. पण इतक्या वर्षांत त्यांच्या शिकवण्याचं एकच फळ त्यांना डोळ्यांनी दिसलं होतं, त्या मुलांच्या तोंडचं ते अचूक "नव्हे", आणि तेही टिंगलीचं निघालं. त्यानंतर दोन दिवस त्यांनी कोणाचंही काही दुरुस्त केलं नाही. दुसऱ्या दिवशी मी पाणी भरताना मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "बाबा, माझी मदत करा." ते उठले, कळशी उचलून आत ठेवली आणि परत जाऊन बसले. मी मोरीत जाऊन रडले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी पेपरला दुसरं पत्र लिहिलं आणि टाकण्याआधी आम्हाला वाचून दाखवलं. सदर प्रसंग चित्रपटात नाही व कधीही नव्हता. तो माझ्या कन्येनं रचला असून त्यातील मास्तर मी स्वतः आहे. चित्रपट न पाहता मी त्याविषयी लिहिलं, याबद्दल वाचकांची क्षमा मागतो. वाचून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "काही बदल?" मी म्हटलं, नाही. खरं तर मला म्हणायचं होतं, की टाकूच नका. पण ते पत्र थांबवणं माझ्या हातात नव्हतं, आणि थांबवायचा हक्क तर त्याहून नव्हता.

पत्र छापून आलं आणि त्यावर एकाही माणसानं विश्वास ठेवला नाही. दिलीपराव आले, दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "सर, मुंबईहून कोणी भेटून गेलं का? नका सांगू. समजलो." ज्यांनी तो सीन थिएटरात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता ते विशेष दुखावले. सरही शेवटी नमले, असं पेठेत म्हणायला लागले. शैलानं मला विचारलं, की घरी काही त्रास आहे का. मी तिला सगळं खरं खरं सांगितलं, तेव्हा तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "असू दे. आम्हाला माहितीये."

अजूनही फरक पडलेला नाही. गेल्या वर्षी मुलानं मला तो सिनेमा मोबाइलवर काढून दिला. खाली कोणीतरी लिहिलं होतं, मास्तरांचा सीन असलेली ओरिजिनल प्रिंट कोणाकडे आहे का? त्याखाली बऱ्याच जणांनी हळहळ व्यक्त केली होती. सुनेनं आग्रह केला म्हणून मी लिहिलं, की असा सीन नाही, तो मी केला होता. तासाभरात उत्तर आलं. "आजी, तुम्ही तेव्हा लहान असाल. आम्ही पाहिलाय."

तर त्या वेळी, दुसरं पत्र छापून आल्यावर, बाबा पिठाच्या गिरणीतून लोकांची तीच कुजबुज ऐकून परत आले, डबा खाली ठेवला आणि म्हणाले, "वासंती, तुझ्या प्रसंगाला माझ्या शब्दापेक्षा जास्त वजन आहे." मग म्हणाले, की आता ते पाहायला हवं, पाहिल्याशिवाय त्यात काय नाही ते आपण कसं सांगणार? एका थिएटरात त्या आठवड्यात तो दुपारी बाराच्या खेळाला परत लागला होता. आम्ही तिघं गेलो. आईचा तो दुसरा, माझाही दुसरा, आणि बाबांचा आयुष्यातला पहिला. ते वही-पेन्सिल घेऊन बसले. मध्यंतरापर्यंत त्यांनी अंधारात दोन पानं भरली. मध्यंतरात आईनं विचारलं, कसा वाटतो? ते म्हणाले, "पहिल्या दहा मिनिटांत अकरा अशुद्धं."

मध्यंतरानंतर पैलवान मामा क्लॅरिनेटवाल्याच्या मागे गोठ्यात धावतात. हा म्हशीआड लपतो. मामा झेप घेतात. त्याच क्षणी म्हैस एक पाऊल बाजूला होते आणि मामा सरळ शेणाच्या ढिगात जातात. बास. एक शब्द नाही त्या प्रसंगात.

माझ्या उजव्या बाजूला मला कसलासा आवाज आला. वाटलं, बाबांना ठसका लागला. मी पाण्याची बाटली काढली. मग पाहिलं तर ते पुढच्या खुर्चीच्या पाठीला धरून वाकले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. वही खाली पडली होती. जरा सावरले, वर पाहिलं, तर पडद्यावर म्हैस शांतपणे रवंथ करत मामांकडे बघत होती. त्यांना पुन्हा सुरू झालं. चष्मा काढावा लागला. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. आईनंही नसावं, कारण ती सिनेमा सोडून त्यांच्याकडेच बघत होती. मागच्या रांगेतून एक गृहस्थ म्हणाले, "अहो, जरा हळू. आम्हालाही पाहायचाय." बाबा वळून म्हणाले, "क्षमा करा, ती म्हैस," आणि पुढचं वाक्य त्यांना पुरं करता आलं नाही.

घरी चालत येताना ते दोघं पुढे होते आणि मी मागे. मी जो प्रसंग रचला होता त्यात भाषा होती, स्वभाव होता, चढत जाणारी रचना होती. अख्ख्या पेठेनं तो डोक्यावर घेतला होता, आणि या माणसानं तो दुखवट्याचं पत्र ऐकावं तसा ऐकला होता. आणि म्हशीनं काय केलं होतं? मी गाठून त्यांना तसं विचारलंसुद्धा, की ती नुसती बाजूला झाली, त्यात एवढं काय होतं.

बाबा रस्त्यात थांबले, नीट विचार केला, आणि म्हणाले, "वेळेवर झाली." मग हसू आवरत आईच्या पाठोपाठ चालायला लागले.